एमपीए, केएसआय आणि किलो: टेन्साइलचा रिपोर्ट वाचताना कुठं गडबड होते

नमस्कार मंडळी. शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलला फौंड्रीत क्वालिटीला नवीन लागलेल्या पोरांसाठी आजचा व्हिडिओ आहे. टेन्साइल म्हणजे टेस्ट बार ओढून तोडायला दर चौरस एमएमला किती जोर लागतो ते. अमेरिकेच्या कस्टमरच्या ड्रॉइंगवर ६५-४५-१२ अशी ग्रेड असते, लॅबच्या रिपोर्टवर एमपीए असतं, आणि शॉपवरची जुनी माणसं अजून किलोत बोलतात, पण कास्टिंग एकच हो.

आधी सोपं संपवू. पास्कल म्हणजे चौरस मीटरवर एक न्यूटन, हे लईच बारीक, म्हणून धातूसाठी मेगापास्कल, म्हणजे दहा लाख पास्कल. आता एका चौरस मीटरात चौरस मिलिमीटर पण दहा लाखच, ते कटले की उरतं न्यूटन पर एमएम स्क्वेअर. म्हणजे एमपीए आणि हे एकच, काही गुणायचं नाही, भागायचं नाही.

आता किलो, इथं जरा थांबू. एक किलोचा फोर्स म्हणजे ९.८१ न्यूटन, आणि आपण काय करतो तर सरळ दहानं गुणून मोकळे. समजा १२.५ एमएमचा टेस्ट बार आहे, एरिया १२२.७ चौरस एमएम, आणि जुन्या डायलच्या मशीनवर तो ६१३५ किलोला तुटला. एरियानं भागा, चौरस एमएमला बरोबर ५० किलो आलं. दहानं गुणलं तर ५००, एसजी म्हणजे डक्टाइल आयर्नची ५००/७ ग्रेड पास, गाडी भरा! पण खरा आकडा ४९०, आणि त्या ग्रेडला कमीत कमी ५०० लागतं, म्हणजे तो बार फेल आहे. फक्त दोन टक्क्यांचा फरक, पण लिमिटवरच्या हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालाला, तेवढाच नडतो, म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की लिमिटच्या जवळ असाल तर दहा वापरायचंच नाही. जुन्या एसटी ४२ स्टीलचं नवीन नाव फे ४१० पडलं ते याच हिशोबानं बघा, ४२ गुणिले ९.८१ म्हणजे ४१२, ४२० नाही.

आणि किलो पर सेंटिमीटर स्क्वेअर दिसलं तर सावध, तिथं शंभर पटीचा फरक आहे.

आता केएसआय, म्हणजे चौरस इंचावर हजार पाऊंड. पाऊंड फोर्स ४.४४८ न्यूटन, चौरस इंच ६४५.१६ चौरस एमएम, हजारानं गुणून भागा, येतं ६.८९५. हा एक आकडा पाठ करा. मग ६५-४५-१२ मधलं ६५ म्हणजे टेन्साइल ४४८ एमपीए, ४५ म्हणजे यील्ड, जिथं बार कायमचा ताणला जायला लागतो, ते ३१०, आणि १२ ला हात लावायचा नाही, ते इलाँगेशनचे, म्हणजे तुटेपर्यंत बार किती लांबला त्याचे टक्के आहेत, त्याला युनिटच बदलत नाही. ५००/७ मधला ७ पण तसाच.

आता इथं आणखी एक खाच आहे. बरेच जण ६५ केएसआय म्हणजे आपली एसजी ४५०/१० ग्रेड असं धरून चालतात. ४४९ एमपीएचा बार आला तर तो टेन्साइलला अमेरिकन ग्रेडमध्ये बसतो, पण ४५०/१० मध्ये बसत नाही, आणि इलाँगेशन ११ आलं तर उलटं, आपल्याकडं चालतं, तिकडं रिजेक्ट. तेव्हा रिपोर्टवर सही करायच्या आधी पीओ, म्हणजे कस्टमरची खरेदीची ऑर्डर उघडा, कुठली ग्रेड मागितलीय ते वाचा, आणि तिचाच आकडा, केएसआयमध्ये असेल तर ६.८९५ नं गुणून, लिमिटच्या रकान्यात लिहा.