‘मला वकील हवा’ एवढं स्पष्ट म्हणा

मंडळी, पोलीस विचारायला लागले की आपण बोलत सुटतो. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे आपल्या अंगात मुरलंय. त्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हा भारतातून सोबत आणलेला समज. मकोकासारखे कायदे सोडले तर तिकडे ते बहुतांशी खरंही आहे. इथे अमेरिकेत तसं नाही. साध्या हवालदाराला सांगितलेलं वाक्यसुद्धा ज्यूरीसमोर पुरावा म्हणून येतं.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही, असं इथली पाचवी घटनादुरुस्ती सांगते. ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी पोलिसांनी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क समजावून सांगायचा, हा नियम १९६६ च्या मिरांडा खटल्यातून आला. तो टीव्हीमुळे सगळ्यांना पाठ आहे. पण ‘हक्क वाचून दाखवले नाहीत, म्हणजे केस संपली’ असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. बाद होतो तो जबाब. खुद्द मिरांडावर जबाबाशिवाय पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. शिवाय रस्त्यात गाडी थांबवून विचारपूस केली, तर कोर्ट एरवी त्याला ‘ताब्यात घेणं’ मानत नाही. तिथली उत्तरं हक्क न सांगताही वापरली जातात. लायसन्स, कागदपत्रं द्या. कुठून आलात, किती प्यायलात, याचं उत्तर देण्याची सक्ती नाही.

आता आपली खरी अडचण. आपण आडून बोलतो. १९९४ च्या डेव्हिस खटल्यात आरोपी म्हणाला होता, ‘कदाचित मी वकिलाशी बोलायला हवं.’ ही मागणी पुरेशी स्पष्ट नाही, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. २०१० चा थॉम्प्किन्स खटला तर मला अजून बोचतो. हा माणूस पावणेतीन तास जवळजवळ गप्प बसून होता. मग पोलिसाने विचारलं, ‘त्या मुलाला गोळी घातलीस, त्याची देवाकडे क्षमा मागतोस का?’ तो ‘हो’ म्हणाला. तो ‘हो’ पुरावा ठरला, कारण ‘मला गप्प राहायचंय’ असं त्याने तोंडाने सांगितलंच नव्हतं!

म्हणून मुलांना, इथे आलेल्या आईवडिलांना हे वाक्य शिकवा: ‘आय वॉन्ट अ लॉयर.’ ‘मेबी’ नको, ‘प्लीज, इफ पॉसिबल’ नको. ताब्यात असताना हे म्हटलं की वकील येईपर्यंत प्रश्न थांबवावे लागतात. आपणहून पुन्हा बोलायला गेलात, तर मात्र ते संरक्षण जातं. वकिलाची ऐपत नसेल आणि तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल, तर सरकारने वकील द्यायचा. फ्लॉरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियनने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावर १९६३ साली हा हक्क राज्यांच्या कोर्टांनाही लागू झाला. वकील मिळाल्यावर फेरखटल्यात तो निर्दोष सुटला.

पुढे जामीन, आरोपनिश्चिती, मग खटला. पण खटला उभा राहतो फार थोड्यांचा. शंभरातल्या नव्वदांहून अधिक शिक्षा गुन्हा कबूल करून, सरकारी वकिलाशी तडजोडीने होतात. न्यायाधीश विचारतात, ‘स्वखुशीने कबूल करताय ना? परिणाम समजले का?’ आणि माणूस एकेका प्रश्नाला ‘येस, युअर ऑनर’ म्हणत जातो. घरी जायला मिळणार, प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहून) भागणार, या सुटकेपोटी. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी इथेच थांबावं. किरकोळ वाटणारी कबुलीसुद्धा देशाबाहेर काढायला पुरेशी ठरू शकते. २०१० च्या पडिया खटल्यापासून हा धोका अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, तरी तो आपणहून सांगेल म्हणून वाट पाहू नका. सही करण्याआधी तुम्हीच विचारा, आणि त्याला खात्री नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवेपर्यंत तारीख मागून घ्या.