लिफ्टमधली नोटीस नक्की कोणासाठी असते?

(पुण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'दैनंदिन मजकुराची वक्तृत्वसमीक्षा'. तो मी दिलेला नाही. मी फोनवर म्हणालो होतो, "नोटिशी, फ्लेक्स, लग्नपत्रिका यांच्यावर बोलतो." पलीकडे जरा शांतता. मग, "सर, काहीतरी वजनदार हवं हो." तर हे वजन त्यांचं आहे.

पुणेरी पाट्यांवर बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचे आता कॉफीचे मग निघालेत, आणि ज्याचा मग निघाला त्याचा दंश संपला. माझा जीव आहे तो चिकटपट्टीने लावलेल्या, बिनसहीच्या कागदावर.

आमच्या सोसायटीत, नाव सांगत नाही, अजून तिथेच राहायचंय, कबुतरांचा प्रश्न आहे. लिफ्टमध्ये पहिली नोटीस लागली: 'सर्व सभासदांना नम्र विनंती की कबुतरांना दाणे टाकू नयेत.' साधी, सरळ. पंधरा दिवसांनी दुसरी: 'वारंवार विनंती करूनही काही सभासद...' वारंवार म्हणजे एकदा, पण असो. तिसरीत 'काही' गेले आणि 'एक सुशिक्षित म्हणवणारे सभासद' आले. चौथी तर माझ्याकडे जपून ठेवलेली आहे: 'बी विंगमधील, मराठीचे अध्यापन केलेल्यांना तरी मराठी समजावे ही अपेक्षा.' आता बी विंगमध्ये मराठी शिकवलेला माणूस एकच. दाणे टाकते ती आमची ही. ती गणित शिकवायची. (हशा)

मी चिडलो, हे कबूल करतो. चार दिवस जिन्याने गेलो. गुडघे बोलायला लागले तेव्हा परत लिफ्टमध्ये शिरलो आणि तो कागद शांतपणे वाचला, आणि लक्षात आलं की गंमत होतेय. नोटिशीनोटिशीगणिक आरोपी कमी होत चालले होते: सर्व, काही, एक, मी. पण लिफ्ट तीच. वाचणारी घरं तीच, बेचाळीस. म्हणजे बोलणं एकाशी आणि ऐकवणं एक्केचाळिसांना! दाणे बंद करायचे असते तर सेक्रेटरी आमच्याकडे चहाला आले असते. एकच मजला तर खाली राहतात. ती नोटीस माझ्यासाठी नव्हतीच, मंडळी. ती उरलेल्या एक्केचाळीस घरांना 'आपण त्यातले नाही' हे सुख देण्यासाठी होती. आणि माणसं ते सुख घेतात हो. लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभं राहून घेतात.

एडविन ब्लॅक नावाच्या अमेरिकन समीक्षकाने १९७० साली एक निबंध लिहिला. वक्ता आपल्या बोलण्यातून स्वतःची एक प्रतिमा उभी करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्लॅक म्हणाला, तो श्रोत्याचीही प्रतिमा उभी करतो. 'तुम्ही असे आहात' असं न म्हणता तसं व्हायला सांगतो. अमेरिकेतले उजवे लोक कम्युनिझमला 'कॅन्सर' म्हणत. त्या एका रूपकावरून त्याने त्यांच्या श्रोत्याचं मन उलगडून दाखवलं. मी फक्त लिफ्टमध्ये उभा राहून तेच केलं.

आणि हे सगळं अमेरिकेतूनच यायला हवं होतं असंही नाही. अकराव्या शतकात मम्मटाने, म्हणजे संस्कृतातल्या काव्यशास्त्रकाराने, उदाहरण देऊन ठेवलंय: 'सूर्य मावळला.' वाक्य एवढंच. गुराख्याला ऐकू येतं, गाई आत घ्या. संध्या करणाऱ्याला ऐकू येतं, आसन मांडा. दुकानदाराला ऐकू येतं, माल आवरा. आता पुण्यात दुकानदाराचा सूर्य दुपारी एकलाच... (हशा) नको, हा विनोद पेन्शनीत निघालाय. मुद्दा असा की अर्थ वाक्यात नसतो. कोण, कोणाला, कुठे म्हणतंय त्यात असतो. आम्ही मुलांकडून अलंकार ओळखून घेतले, वर्षानुवर्षं. 'उपमेय कोणतं?' 'हे कोणाला म्हटलंय?' हा प्रश्न एकाही पेपरात घातला नाही. मी स्वतः पेपर काढायचो, म्हणून बोलतोय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग पळतो.

फ्लेक्स. 'भावी नगरसेवक' हा शब्द घ्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले, निवडणूक लांबत गेली. एका रात्रीत सगळे नगरसेवक माजी, आणि चौकाचौकात सगळे भावी! वर्तमानकाळ कोणाकडेच नव्हता. वाढदिवसाचा फ्लेक्स वाढदिवस असलेल्याला शुभेच्छा देत नाही आणि तुम्हालाही काही सांगत नाही. वरच्या कोपऱ्यात ज्या साहेबांचा गोल फोटो असतो ना, त्यांच्या गाडीच्या काचेतून दिसावा म्हणून तो तिथे असतो. तुम्ही आम्ही फक्त गर्दी.

लग्नपत्रिका. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' खाली नावं अशा बाळांची, ज्यांना अजून मामा म्हणता येत नाही. मोठ्यांच्या निमंत्रणाला नाही म्हणता येतं, बाळाला कसं म्हणणार? एवढं काम ती ओळ करते.

क्लासची जाहिरात. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो आणि क्लासचं नाव. 'आमच्यामुळे' हा शब्द कुठेच नाही. तो आपण घालतो. ॲरिस्टॉटल ज्याला एन्थिमीम म्हणतो ते हेच: युक्तिवादातली एक पायरी मोकळी ठेवायची, ती ऐकणाऱ्याने भरायची. स्वतः भरलेल्या पायरीवर माणूस शंका घेत नाही.

लॉइड बिट्झर, हाही वक्तृत्वाचा अमेरिकन अभ्यासक, १९६८. तो म्हणतो, बोलून बदलेल अशी निकड असेल तरच ती वक्तृत्वाची निकड. कबुतरांना मराठी येत नाही, म्हणून नोटीस आम्हाला. यावर वीस मिनिटं बोलणार होतो. केनेथ बर्क या अमेरिकन समीक्षकाची पाच कलमं, कृती, प्रसंग, कर्ता, साधन, हेतू, तर राहिलीच, पत्रिकेत छापलेली. तुमच्यापैकी कोणी त्यांच्यासाठीच आलं असेल तर खाली जिन्यापाशी भेटा.

आणखी एक चिठ्ठी. 'फाटकासमोर पांढरी स्कूटर लावणाऱ्या सुजाण श्रोत्याने ती त्वरित काढावी.' यातला 'सुजाण' कोणासाठी आहे, हे आता तुम्हाला सांगायला नको.

स्कूटर माझी आहे.