कपाटातल्या झोपलेल्या पुस्तकांसाठी क्यूआर कोड

मंडळी, म्हापशाच्या बाजारात पैसे द्यायला आपण रोज हाच चौकोन टिपतो, त्यामुळे क्यूआर कोडचं अप्रूप मी सांगत बसणार नाही. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. पाठ्यपुस्तकांत तो आणण्याच्या कामासाठी सोलापूरकडच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव आपण सगळे जाणतो.

पण पाठ्यपुस्तक मुलाला टाळता येत नाही. अवांतर पुस्तक अगदी सहज टाळता येतं. म्हणून शाळेच्या ग्रंथालयातल्या कोडचं काम समजावण्याचं नाही, चटक लावण्याचं आहे. अनेक ठिकाणी कोड टिपला की व्हिडिओ सुरू होतो. पोरं तो बघतात आणि पुस्तक परत कपाटात!

माझं म्हणणं, कोडमागे त्याच शाळेतल्या मुलाचा आवाज ठेवा. एक मिनिट, पुरे. पाचवीतली मुलगी गोष्ट मराठीत रंगवून सांगते, ऐन रहस्यापाशी थांबते आणि कोकणीत म्हणते, "फुडें कितें जालें तें हांव सांगचें ना!" ते वाक्य शुद्ध करायला जाऊ नका. मुलीचं नाव मात्र नको, इयत्ता सांगितली की झालं. आणि पुस्तकच्या पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करू नका, तो लेखकाचा हक्क आहे.

कोड कुठल्या पुस्तकांना? हातोहात जाणाऱ्यांना नकोच. देवघेवीची वही उघडा आणि वर्षभर कोणी न नेलेली पुस्तकं काढा. 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय.

मुलांकडे शाळेत फोन नसतो, नसावाही. देवघेवीच्या टेबलावर एक टॅब आणि हेडफोन ठेवा. नेट नसेल तर कोडमध्ये थेट मजकूरच भरता येतो. फक्त देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह सहसा तीन बाइट खातं, मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात आणि कॅमेरा अडखळतो. दोन-तीन ओळींवर थांबा.

आता आपला पावसाळा. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शन) सर्वांत वरची पातळी निवडा, मग साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत, भोवती पांढरी कडही हवी. चिकटवायचा तो पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. वरून चकचकीत टेप नको, ट्यूबलाइटची तिरीप येते.

ध्वनिमुद्रणं शाळेच्या ऑनलाइन खात्यावर ठेवा. शिक्षकाच्या खात्यावर ठेवलीत तर एका बदलीनंतर सगळे कोड पोरके होतात. आणि आवाज दर वर्षी नवे घ्या. सातवीत गेलेल्या पोराला आपला पाचवीतला आवाज ऐकवत नाही, आणि मग तो त्या कपाटाकडे फिरकतही नाही.