चौघांतला खालचा आवाज

नमस्कार, श्रोतेहो.

गाणाऱ्यांचा एखादा संच असतो. त्यातला एक जण बाहेर पडतो, स्वतःच्या नावावर गातो आणि मोठा होतो. बाकीचे तिथेच राहतात. वर्षानुवर्षं गळा तयार असतो, लोकांना आवाज ओळखीचा असतो, तरी ते एकट्यानं गायला उभे राहत नाहीत. आपण चटकन म्हणून मोकळे होतो, "तेवढी कुवत नसेल." हे उत्तर मला अजिबात मान्य नाही आणि आज मी त्याच्याच विरुद्ध बोलणार आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जाऊ या.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९५३-५४च्या सुमारास तिथली चार तरुण मुलं एकत्र गाऊ लागली. लीव्हाय स्टब्स, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन. फकीर हे आडनाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. त्याचे वडील आजच्या बांगलादेशातून तिकडे गेले होते. या चौघांचा संच म्हणजे 'फोर टॉप्स'. गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या मोटाउन कंपनीत ते १९६३ साली आले आणि पहिलं मोठं यश मिळालं १९६४ साली. म्हणजे दहा वर्षं क्लबांतून गात काढली. १९९७ साली पेटन वारला, तोवर संचात हेच चौघे होते. पुन्हा सांगतो, चाळीस वर्षांहून जास्त काळ तेच चौघे.

मुख्य आवाज स्टब्सचा. भारदस्त आवाज, पण गीतकार-संगीतकार मुद्दाम त्याला जड जाईल अशा वरच्या पट्टीत गाणी बांधायचे, म्हणून त्याच्या गाण्यात ती कळवळून मारलेली हाक येते. मोटाउनमध्ये त्या काळात मुख्य गायकाचं नाव पुढे काढायची पद्धत पडली होती. १९६७ साली 'सुप्रीम्स' या गायिकांच्या संचाचं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. स्टब्सलाही हे सहज मिळालं असतं. त्यानं ते घेतलं नाही. पाटीवर चौघांचं नाव, तर चौघांचंच. आता कुवत नव्हती म्हणून तो एकटा गायला नाही, असं कोण म्हणेल?

पण मला आज खरं तर ओबी बेन्सनची गोष्ट सांगायची आहे. हा त्या संचातला खर्जातला आवाज, सगळ्यांत खालचा. (जाता जाता सांगतो, मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर गाणी ऐकू नका. त्यावर खर्ज उरतच नाही, आणि ज्यांचा आवाज खाली असतो त्यांच्यावर तो मोठा अन्याय आहे. घरात एक तरी बरा स्पीकर असावा.)

तर १९६९चा मे महिना. फोर टॉप्स दौऱ्यावर होते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पोचले होते. जवळच्या बर्कलीमध्ये 'पीपल्स पार्क' नावाच्या एका मोकळ्या जागेवरून तरुण मुलं आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला होता. केस वाढवलेली पोरं आणि त्यांच्यावर पडणारा पोलिसांचा मार ओबीनं डोळ्यांनी पाहिला. त्याला ते काही केल्या विसरता येईना. हे चाललंय तरी काय, आपल्याच पोरांना असं का मारतात, हा एकच प्रश्न त्यानं धरून ठेवला. अ‍ॅल क्लीव्हलँड नावाचा त्याचा गीतकार मित्र होता. त्याच्याशी बोलता बोलता त्या प्रश्नाचं गाणं झालं.

ओबीनं ते गाणं आधी कुणापुढे ठेवलं? आपल्या संचापुढे. बाकीचे म्हणाले, हे निषेधाचं गाणं आहे, आपण असलं गात नाही. ओबीचं म्हणणं, अरे, हे प्रेमाचं गाणं आहे, मी कुणाचा निषेध करत नाही, मी फक्त विचारतोय. त्यांना पटलं नाही.

इथे थांबा जरा. हातात असं गाणं आहे, संचानं नको म्हटलंय. एकट्यानं गायची याहून चांगली संधी कुठली? पण ओबी संच सोडून ते गायला गेला नाही. तो गेला मोटाउनच्याच मार्विन गे या गायकाकडे. मार्विनच्या घरी त्यानं गिटारवर ते ऐकवलं. मार्विनला चाल आवडली, पण तोही म्हणाला, हे आपण 'ओरिजिनल्स' या संचाकडून गाऊन घेऊ. ओबी हटला नाही. हे तुझंच गाणं आहे, तूच गा, असा त्यानं धोशा लावला. शेवटी मार्विन तयार झाला, त्यानं शब्दांत आणि चालीत स्वतःची भर घातली, आणि १९७० साली ध्वनिमुद्रण झालं. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना ते पसंत नव्हतं. तरी १९७१च्या जानेवारीत ते बाहेर आलं आणि विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. तेच हे 'व्हॉट्स गोइंग ऑन'.

मार्विन गेचं गाणं म्हणून ते जगभर माहीत आहे, आणि ते त्याचं आहेच. पण श्रेयात तीन नावं आहेत, त्यांतलं एक बेन्सनचं. ओबी मात्र पुन्हा आपल्या तिघांजवळ जाऊन उभा राहिला आणि २००५ साली वारला तोवर फोर टॉप्समध्येच होता. हे गाणं कुठल्या गळ्याचं आहे हे त्याला कळलं होतं, आणि आपला गळा कुठे शोभतो हेही कळलं होतं. अशी समज असलेला माणूस मला फार मोठा वाटतो. हल्ली टीव्हीवरच्या स्पर्धांत लहान लहान पोरांना फक्त पुढे यायला शिकवतात. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायला कुणी शिकवत नाही. शाळेत समूहगीतांचा तास हवाच, माझं ठाम मत आहे.

सगळ्यांनाच निवड करायला मिळते असं मात्र नाही. सुप्रीम्समधल्या फ्लॉरेन्स बॅलर्डला १९६७ साली बाहेर पडावं लागलं, तेव्हा करारात अट अशी की जाहिरातीत सुप्रीम्सचं नाव वापरायचं नाही. नाव गेलं की ओळख गेली. १९७६ साली ती वारली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. आणि जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स या तिघी, म्हणजे 'अँडान्टेस'. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत त्यांचा आवाज आहे, फोर टॉप्सच्या गाण्यांतही आहे, आणि तबकडीवर त्यांचं नाव नसायचं. आपल्याकडेही निवेदक शाहिरांचं नाव घेतो आणि पुढे 'आणि पार्टी' म्हणून झीलकऱ्यांना त्या दोन शब्दांत गुंडाळतो. जी जी रं जी उचलून धरणाऱ्याला नाव नसतं का? माझ्या मते प्रत्येक नाव वाचलं पाहिजे, वेळ गेला तरी चालेल.

पेटन गेल्यावर उरलेले तिघे काही काळ तिघेच गायले. ड्यूक फकीर २०२४ साली वारला. चौघांतला तो शेवटचा.

आता ऐकू या १९६६चं 'रीच आऊट, आय विल बी देअर'. गायक आहेत लीव्हाय स्टब्स, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन, लॉरेन्स पेटन, आणि त्यांच्यासोबत जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स.