फॅटी लिव्हरच्या एमआरआयमध्ये टक्का विचारा

नमस्कार. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं, पण त्यावरून यकृतात चरबी नेमकी किती ते कळत नाही. यकृत किती पांढरं दिसतं यावरून तो अंदाज असतो. चांगलं वजन उतरवूनही ग्रेड तोच राहू शकतो आणि माणूस उगाच नाउमेद होतो. म्हणून टक्का हवा.

तो टक्का पीडीएफएफ (प्रोटॉन डेन्सिटी फॅट फ्रॅक्शन, म्हणजे चरबीचा हिस्सा) या एमआरआय तपासणीत मिळतो, इंजेक्शनशिवाय. पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनची फिरण्याची गती किंचित वेगळी असते, १.५ टेस्लाच्या मशीनवर फरक साधारण २२० हर्ट्झ. म्हणून २.३ मिलिसेकंदांना दोघांचे सिग्नल एकमेकांविरुद्ध जातात, ४.६ ला परत जुळतात. मशीन असे वेगवेगळ्या वेळी परत येणारे सिग्नल, म्हणजे एको, बहुधा सहा टिपून चरबीचा हिस्सा काढतं. साधारण ५ टक्क्यांच्या वर गेला, की फॅटी लिव्हर.

दोन एकोंत का भागत नाही? लोहामुळे. समजा, सुरगाण्याच्या एखाद्या सिकलसेल रुग्णाला वारंवार रक्त चढवलंय. यकृतात साठलेल्या लोहामुळे सिग्नल झपाट्याने विझतो, नंतरचा एको आणखी क्षीण येतो, आणि चरबी असूनही आकडा कमी निघतो. सहा एकोंत ही घट मोजून वजा करता येते. नाशिकमध्ये अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: ‘मल्टी-एको पीडीएफएफ होतं ना?’ फ्लिप अँगलही (रेडिओ लहरीने हायड्रोजनला किती कलवायचं तो कोन) ३ ते ५ अंशच हवा. वाढवला की चरबी जास्त दिसते.

श्वास १५-२० सेकंद रोखावा लागतो. आधी सराव करा, मध्येच सुटला तर चित्र हलतं.

टक्का घसरला म्हणजे यकृत सुधारलंच, असं मात्र धरू नका. सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणं, वाढला की चरबी आपोआप कमी होते. यकृत किती कडक झालंय ते एमआर इलॅस्टोग्राफी सांगते: बरगड्यांवर चकती बांधून ६० हर्ट्झची कंपनं देतात. त्याआधी किमान चार तास पोट रिकामं हवं. सकाळी मिसळ खाऊन गेलात तर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि कडकपणा खोटाच जास्त येतो.

आणि सातपूर-अंबडला लेथ, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांनो, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा, मशीनच्या चुंबकाने तो हलू शकतो. डोळ्याचा एक्स-रे बघितल्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल टाकू नका.