दहा फुटांचा गोल्फ

(दृश्य : पहाट. जॉगिंग ट्रॅकवर चालणारी माणसं, कानटोप्या, मफलर.)

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हटलं तरी तो बरोबर इथे आणून सोडतो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरातल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे ते कान्हेरे. इथे रणजीचे सामने झालेत, पोरांचं क्रिकेट चालतं, सकाळ-संध्याकाळ लोक फेऱ्या मारतात. गोल्फ सोडून बाकी सगळं होतं म्हणा ना.

या फेऱ्या मारणाऱ्यांतले हे काका मात्र खरोखर गोल्फ खेळतात. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये उभी हयात गेली. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे गेले असताना त्याने हौसेने कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर नेलं आणि यांना नाद लागला. पण पुणं म्हणजे इथून दोनशे किलोमीटर. अठरा होल, म्हणजे अठरा भोकांचा पूर्ण डाव, खेळायला मिळतो तो तिकडे जाणं होईल तेव्हाच. मधल्या दिवसांत सराव करायचा कुठे?

(दृश्य : इमारतीची गच्ची. पाण्याच्या टाक्या, दोरीवर कपडे, हिरव्या कृत्रिम गवताची लांब पट्टी.)

इथे. दहा-बारा फुटांची पट्टी आणि टोकाला आडवा केलेला स्टीलचा पेला. हातात लांब फटक्यांची काठी, ड्रायव्हर, नाही; बॉल भोकाकडे हलकेच ढकलायची काठी, पटर, आहे.

पार ७२ च्या, म्हणजे अठरा होलना मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या कोर्सचं गणित बघा. प्रत्येक होलला ग्रीनवरचे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे, दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे निम्मे फटके. आता, चांगल्या खेळाडूला इतके पट लागत नाहीत. आणि कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांचे फटके मोजून दाखवलंय की खरा फरक पडतो तो बराचसा लांबच्या फटक्यांनीच. काकांना हे सांगून बघितलं. त्यांनी समोरच्या इमारतीवरच्या सोलरच्या काचांकडे बोट दाखवलं. विषय संपला.

(दृश्य : जवळून. व्हर्नियर कॅलिपर, जमिनीवर दोन नट.)

हे बघा, टूलरूम कशी सुटत नाही ती. गोल्फचा बॉल कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो. काकांनी पट्टीवर दोन नट ठेवलेत, मध्ये ५० मिलिमीटरची फट, व्हर्नियरने मोजून. बॉल त्या फटीतून जायचा, नटाला न शिवता. शिवला की ‘टिक’ असा आवाज येतो आणि काका स्वतःवरच चरफडतात.

एवढी काटेकोरी कशाला? तर भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. पटरचं तोंड जिकडे, बॉल जवळजवळ तिकडेच निघतो. दिशा एक अंशाने चुकली तर दहा फुटांवर बॉल सुमारे ५३ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे अगदी काठावर, तेही ग्रीन सपाट असेल तर. पेल्याचं तोंड तर भोकाहूनही लहान. “इथे जमलं की तिथलं भोक परातीएवढं दिसतं,” काका म्हणतात. जगातले अव्वल व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, हे ऐकल्यापासून त्यांचा जीव जरा भांड्यात पडलाय.

(दृश्य : तीन, सहा, नऊ फुटांवर खडूच्या खुणा. काका जागा बदलत खेळतायत.)

सुरुवातीला ते एकाच खुणेवरून बॉलमागून बॉल मारायचे. हात बसायचा, पेला वाजत राहायचा, मनही खूश. पुण्याला गेलं की सगळं पाण्यात. असं का होतं याचा शोध बराच जुना आहे. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या वेगवेगळ्या हालचाली काहींना एकेक करून शिकवल्या, काहींना आलटून पालटून. सरावाच्या वेळी दुसरे मागे पडले, नंतरच्या चाचणीत मात्र तेच पुढे निघाले. म्हणून आता लागोपाठ दोन बॉल एका खुणेवरून नाहीत. तीन, नऊ, सहा, पुन्हा नऊ. प्रत्येक वेळी मागे सरकून रेघ बघायची, पाय नव्याने लावायचे. पेला कमी वाजतो आणि काकूंना वाटतं, यांचा खेळ बिघडला.

नुसत्या पटरवर माणूस कुठवर जातो? टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक लांब फटक्यांत बऱ्याच जणींच्या मागे होती. तरी पटरच्या बळावर ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. काकांनी तो शेवटचा दिवस टीव्हीसमोर बसून, जेवण विसरून पाहिला होता.

(दृश्य : पुण्याचा कोर्स. काका ग्रीनवर.)

गच्चीवर एक गोष्ट मात्र शिकता येत नाही : वेग. खऱ्या ग्रीनला उतार असतो, सकाळी दव असतं, ऊन चढलं की तोच बॉल जास्त पळतो. म्हणून पुण्यात पोचल्यावर काका आधी भोकाकडे बघतही नाहीत. तीस-चाळीस फुटांवरून बॉल ग्रीनच्या कडेला नेऊन थांबवायचा, एवढाच खेळ. मुलगा तिकडे पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, उभा राहून घड्याळ बघतोय. “बाबा, चला की!” काकांचे अजून चार बॉल बाकी आहेत.