कोई आणण्याआधी पाण्याचा हिशेब

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला उठून जायचं असेल तर लवकर जाता येईल. घरामागच्या लहान तळ्यात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, सुखाने राहू शकतात. पण तुमच्या मनात जेवढे मासे आहेत, त्याच्या पाव हिश्श्यावर समाधान मानावं लागेल. बहुतेक तळ्यांचं मातेरं मासे विकत घेतानाच झालेलं असतं. रोगराई वगैरे पुढची गोष्ट.

दुकानातल्या टाकीत कोई बोटाएवढा असतो. तिथे तो फार निष्पाप दिसतो. पण हा मुळात कार्प. जपानमध्ये निइगाताच्या डोंगरी खेड्यांतले शेतकरी खाण्यासाठी कार्प वाढवत. एकोणिसाव्या शतकात त्यांत अधूनमधून निघणारी रंगीत पिल्लं वेगळी काढून त्यांची पैदास सुरू झाली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग बाहेर त्यांचा बोलबाला झाला. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू, त्यात काळं मिसळलं की सांके, अशी नावं तुम्ही ऐकली असतील. रंग पालटले, पण भूक आणि वाढ ताटातल्या माशाचीच राहिली.

आता गणित. १२ सेंटिमीटरचं पिल्लू ६० सेंटिमीटरचं होतं. लांबी पाचपट झाली. वजन? लांबीबरोबर उंची आणि जाडीही पाचपट, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच. सव्वाशेपट! तीसेक ग्रॅमचा जीव पावणेचार किलोच्या घरात जातो. मोठा मासा वजनाच्या मानाने कमी खातो, हे खरं; तरी त्याचं खाणं आणि त्याची घाण पिल्लाच्या कैकपट होते. म्हणून ‘इतक्या लांबीला इतकं पाणी’ असले ठोकताळे कोईला लावूच नका. ते बोटाएवढ्या माशांपुरते ठीक आहेत.

तळ्याचं माप घ्यायला मीटरपट्टी पुरते. आतून लांबी ३ मीटर, रुंदी दीड, पाण्याची खोली १.२ मीटर, गुणाकार करून हजाराने गुणा, झाले ५,४०० लिटर. हे उभ्या भिंतींचं. भिंती उतरत्या असतील, कडेला रोपांसाठी पायरी असेल, तर त्यातलं बरंच पाणी कागदावरच राहतं. खोलीत मात्र काटकसर नको. उथळ पाणी दुपारी तापतं, रात्री निवतं आणि बगळ्याला आयतं पानही वाढतं. एवढ्या तळ्यात मी तीन कोई ठेवीन. चार म्हणालात तर भांडणार नाही. दहाच हवे असतील तर गोल्डफिश घ्या; तेही काही कमी देखणे नसतात.

पाण्यात नेमकं काय घडतं ते बघू. मासे खातात त्यातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो आणि तो बहुतांशी कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. ३५ टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाणं घातलं, तर साधारण ३ ग्रॅम अमोनिया तयार होतो. आपल्या ५,४०० लिटरमध्ये तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त भरतो. हे एका दिवसाचं, फिल्टर काम करत नसेल तर. फिल्टरमधले जिवाणू आधी अमोनियाचं नायट्राइट करतात आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ते वाढलेलं दिसलं तर खाणं बंद, थोडं पाणी बदलायचं आणि हजार लिटरला एक किलो या हिशेबाने साधं मीठ विरघळवून घालायचं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

हे जिवाणू पंप सुरू केल्याबरोबर कामाला लागत नाहीत. त्यांची वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती वस्ती साफ करतं आणि तळं पुन्हा पहिल्या दिवसावर येतं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात बादलीत पिळून काढा. तो चकाचक दिसायची काही गरज नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अमोनिया किती विषारी ठरेल, हे सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. २५ अंश तापमानाला, सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के. ९ झाला की एक तृतीयांशाच्या आसपास. तळ्यात शेवाळ असतंच. दिवसभर उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि सामू चढत जातो. म्हणजे सकाळी तपासलेलं पाणी निर्धास्त दिसेल आणि त्याच पाण्यात, अमोनिया तितकाच असून, संध्याकाळी मासे कासावीस होतील. लोक सकाळी तपासतात, कारण सुट्टीच्या दिवशी सकाळीच वेळ असतो! तुम्ही ऊन उतरल्यावर तपासा. अमोनिया तपासायच्या संचातल्या परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, संचातले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं आणि सोबतच्या कागदावर लिहिलेली मिनिटं खरोखर थांबायचं. दोन मिनिटांत पिवळं दिसणारं पाणी पुढच्या तीन मिनिटांत हिरवट होतं, म्हणजे अमोनिया आहे. पुष्कळ जण पिवळ्यावरच समाधानाने उठून जातात.

रात्री उलटा खेळ चालतो. अंधारात शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. मासे वापरतात, जिवाणूही वापरतात. त्यामुळे प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या जवळपास, ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यातल्या पहाटे एकदा तळ्याशी उभे राहा. फिल्टरमधून पाणी परत तळ्यात पडतं त्या धारेशी मासे गोळा झालेत? तोंड पृष्ठभागाला लावून गटागटा हवा घेतायत? कल्ल्यांची झाकणं भराभर उघडझाप करतायत? हवेचा पंप लावायची ती वेळ. वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याकडे मासे सकाळी मरतात आणि दोष खाण्याला जातो.

हिरव्या पाण्याची तक्रार नेहमी येते. माशांना त्याचं वावडं नाही, त्रास आपल्याला, कारण मासे दिसत नाहीत. अतिनील दिवा बसवला की पाणी निवळतं. मात्र त्याने अमोनिया कमी होत नाही. पक्ष्यांसाठी जाळी ताणा; प्लास्टिकच्या बगळ्यावर माझा विश्वास नाही.

पाणी बदलताना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट चालतं. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं आणि ते रात्रभर पाणी उघडं ठेवून उडून जात नाही. शिवाय ते मोडलं की अमोनिया सुटतो. तेव्हा एका वेळी थोडंच पाणी बदला. थंडीत पाणी १० अंशांखाली गेलं की खाणं थांबवा. कार्पला जठर नसतं. गार पाण्यात आतड्यातलं अन्न नीट पचत नाही.

नवा मासा थेट तळ्यात सोडू नका. वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने, काही आठवडे ठेवा, आणि पाणी विसाएक अंशांपेक्षा गरम राहील असं बघा. कोई हर्पिस विषाणू साधारण १८ ते २८ अंशांत डोकं वर काढतो. गार पाण्यात लागण झालेला मासाही ठणठणीत वाटतो. रोगातून वाचलेला मासा पुढेही विषाणू बाळगून असू शकतो.

प्रश्न आला आहे की मासे तळ्याला जड झाले तर काय करायचं. नदीत, ओढ्यात, तलावात सोडायचे नाहीत, कितीही दया आली तरी. कार्प तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, आणि आपल्या तळ्यातला रोग तिकडे पोहोचतो. ज्याच्याकडे मोठं तळं आहे त्याला द्या. नेण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होणार नाही. मोठा मासा जाळीने उचलू नका, खवले निघतात. पसरट टबात पाण्यासकट घ्या आणि तिथून पिशवीत, डोकं आधी.